पैलवानाच्या कमरेला टेप लावा

मंडळी, अंगापिंडानं भरलेल्या तरुणाला ‘एकदा डॉक्टरकडे जाऊन ये’ असं आपल्याकडे कुणी सांगत नाही. हजार बैठका मारणाऱ्याला कसली धाड भरणार, असा आपला समज. कोल्हापूरच्या तालमीत घडलेल्या वजनदार पैलवानाविषयी तर शंकाच नको! पण ताकद म्हणजेच आरोग्य नव्हे.

अर्थात, नुसतं वजन पाहून पैलवानाला आजारी ठरवणंही चूकच. वजन-उंचीच्या गणिताला, म्हणजे ‘बीएमआय’ला, स्नायू कोणता आणि चरबी कोणती हे कळत नाही. चरबीचीही जागा महत्त्वाची. कातडीखालची चरबी तुलनेनं कमी उपद्रवी. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठते ती घातक. तिच्यातली मेदाम्लं थेट यकृतात पोचतात, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि रक्तातली साखर वाढू लागते.

जपानच्या सुमो पैलवानांचं उदाहरण पाहा. सीटी स्कॅनमध्ये त्यांची बरीचशी चरबी कातडीखाली आढळली. पोटाच्या आत मात्र त्या देहाच्या मानानं कमी. याचं श्रेय रोजच्या कठोर मेहनतीला दिलं जातं. राबणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. मेहनत थांबली, की हे कवच गळून पडतं.

शिवाय ते कवच अभेद्यही नाही. अमेरिकन फुटबॉलमधल्या आघाडीच्या फळीतले धिप्पाड महाविद्यालयीन खेळाडू तपासले, तेव्हा ऐन खेळण्याच्या वयात अनेकांचा रक्तदाब आणि कमरेचा घेर वाढलेला निघाला.

आपल्याकडे घोडं पेंड खातं ते कुस्ती सुटल्यावर. गुडघा दुखावतो, नोकरी लागते, आखाडा सुटतो. थंडाई, तूप, मटण मात्र सुटत नाही. खुराक पैलवानाचा आणि मेहनत खुर्चीतली, असा हिशेब सुरू होतो. साखर वाढली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही.

यावर उपाय म्हणजे वेळेवर मोजमाप. पाच आकडे लक्षात ठेवा. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा वर आणि ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल ४० पेक्षा कमी. रक्तातले हे तिन्ही आकडे मिलिग्रॅममध्ये, दर १०० मिलिलिटरला. पाचांपैकी तीन जुळले, तर त्याला ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात. मधुमेह आणि हृदयविकाराची ती आगाऊ सूचना. पैलवान मोठ्यानं घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास अडकत असेल, दिवसा पेंगत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

वस्तादांना एक विनंती. पोराला अंग कमवायला शिकवता, तसंच कुस्ती सोडताना खुराक टप्प्याटप्प्यानं कसा उतरवायचा आणि रोजचा व्यायाम कसा टिकवायचा, हेही शिकवा. लंगोट खुंटीला टांगल्यावरही त्याला पुढं चाळीस वर्षं जगायचं असतं.