औषधखरेदी : केवळ स्वस्त दर पुरेसा नाही

सरकारी इस्पितळाच्या औषधालयात औषध नसले की रुग्णाच्या नातेवाइकांना बाहेरच्या दुकानाची वाट धरावी लागते. दोष बहुधा अपुऱ्या निधीला दिला जातो. परंतु निधी असूनही औषध न पोचण्याचे मूळ अनेकदा खरेदीच्या पद्धतीत असते.

या दृष्टीने तामिळनाडूचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. तेथे १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले आणि सरकारी इस्पितळांसाठीची औषधखरेदी एकाच यंत्रणेकडे आली. आवश्यक औषधांची यादी मूळ नावांनी तयार केली जाते. निविदा दोन लिफाफ्यांत मागवल्या जातात : आधी उत्पादकाची पात्रता तपासली जाते, पात्र ठरलेल्यांचेच दर उघडले जातात.

मात्र खरी सुधारणा निविदेनंतर सुरू होते. माल जिल्ह्यांतील गोदामांत येतो. तेथून घेतलेले नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळांकडे जातात, आणि चाचणीत उतरलेलाच साठा इस्पितळांना मिळतो. प्रत्येक इस्पितळाला खर्चाची मर्यादा ठरवून पासबुक दिले जाते. त्या मर्यादेत कोणते औषध किती उचलायचे, हे इस्पितळ ठरवते. त्यामुळे नको असलेला माल माथी मारला जात नाही आणि कोठे काय खपते, याची नोंदही आपोआप तयार होते.

पुढे केरळ, राजस्थान आदी राज्यांनी हा मार्ग पत्करला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. परंतु विलंबाच्या तक्रारी थांबल्या नाहीत, आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरणाची वाट धरावी लागली. खरेदी एकत्र केली म्हणजे पुरवठा सुधारतोच असे नाही, हा त्याचा अर्थ.

गोव्यासारख्या लहान राज्यापुढे आणखी एक अडचण असते. मागणी थोडी असल्याने मोठ्या उत्पादकांना निविदेत रस वाटत नाही. त्यावर सर्व इस्पितळांची वर्षाची मागणी एकत्र नोंदवणे, अन्य राज्यांचे दर पडताळणे आणि पुरवठादाराची देयके वेळेत चुकती करणे, हे उपाय आहेत. देयक रखडण्याची धास्ती असलेला व्यापारी ती जोखीम आपल्या दरातच धरतो. शिवाय शिल्लक साठा जनतेला पाहता आला, तर टंचाई लपून राहणार नाही.

सर्वांत कमी दर हा खरेदीचा एक निकष झाला. योग्य औषध योग्य वेळी रुग्णाच्या हाती पडणे, ही तिची खरी कसोटी होय.