जुन्या गाडीला ‘डिजिटल’ इग्निशन बसवायचं? आधी मेकॅनिकला हा एक प्रश्न विचारा

‘डिजिटल इग्निशन’ हा शब्द पिंपरी-चिंचवडच्या घरांत पोहोचला तो कारमुळे नाही, बाईकमुळे. २००३मध्ये चाकणला तयार होणाऱ्या बजाज पल्सरवर ‘डीटीएस-आय’ ही अक्षरं आली. पूर्ण नाव, डिजिटल ट्विन स्पार्क इग्निशन. सगळ्यांचं लक्ष दोन प्लगकडे गेलं. २००७मध्ये टीव्हीएसच्या ‘फ्लेम’वरून सुरू झालेला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला पेटंटचा वादही दोन प्लगचाच होता. ‘डिजिटल’ या शब्दाचं काय, ते कुणी फारसं विचारलं नाही. आता जुनी पद्मिनी किंवा अॅम्बेसिडर जपणारे गॅरेजमध्ये तोच शब्द ऐकतात : “पॉइंट काढा, डिजिटल टाकून घ्या.”

आधी एक गैरसमज दूर करू. चावी की पुश बटन, याचा इथे संबंध नाही. आपण बोलतोय ते प्लगमध्ये पडणाऱ्या ठिणगीबद्दल. त्यामुळे डिझेल गाडीवाल्यांचाही हा विषय नाही, तिथे ठिणगीच नसते.

खरा खेळ वेळेचा

सिलिंडरमधलं मिश्रण पेटून ज्वाला पसरायला ढोबळमानाने २ मिलिसेकंद लागतात. ७५० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक फक्त ९ अंश फिरतो, ३००० आरपीएमला तब्बल ३६ अंश. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडावी लागते. यालाच ‘अॅडव्हान्स’ म्हणतात.

जुन्या गाडीत हे काम डिस्ट्रिब्युटरमधली दोन छोटी वजनं आणि स्प्रिंगा करतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे सरकतं. ठिणगी पाडायचं काम पॉइंटचं. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला ते सेकंदाला १०० वेळा उघडतात. फट असते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कॅमवर घासून पॉइंटची टाच झिजते, फट कमी होते, टायमिंग मागे पडतं आणि गाडी पिकअप सोडते. नाशिक फाटा ते चाकण अशा रोजच्या कोंडीत तापलेला कंडेन्सर दगा देतो तो वेगळाच.

डिजिटलमध्ये वजनं-स्प्रिंगा नाहीत. क्रँकवरच्या दातेरी चाकासमोर सेन्सर बसतो. बऱ्याच नव्या गाड्यांत या चाकावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून क्रँक नेमका कुठे आहे ते कळतं. मग चिप वेग आणि लोड पाहून तक्त्यातला आकडा उचलते. डीटीएस-आयमध्ये ‘डिजिटल’ महत्त्वाचं होतं ते याचसाठी. दोन्ही बाजूंनी पेटलेलं मिश्रण लवकर जळतं, त्यामुळे अॅडव्हान्सचं गणितच बदलतं.

बाजारात ‘डिजिटल’ म्हणून काय मिळतं?

इथेच गोची आहे. पॉइंटच्या जागी चुंबकीय सेन्सर आणि ट्रान्झिस्टर बसवणारं किट अनेकदा ‘डिजिटल’ म्हणून खपवलं जातं. ते इलेक्ट्रॉनिक आहे, डिजिटल नाही. म्हणून मेकॅनिकला एवढंच विचारा : “अॅडव्हान्स कोण ठरवणार, वजनं की चिप?” उत्तर ‘वजनं’ असेल, तर झिजलेल्या स्प्रिंगांचा आजार तसाच राहणार. त्या आधी बदला.

म्हणजे हे किट वाईट का? उलट, रोज चालणाऱ्या जुन्या गाडीला माझ्या मते तेच पुरेसं आहे. घासणारा भाग गेला की टायमिंग जागेवर राहतं. फक्त रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीला तर पॉइंटही चालतात. पूर्ण डिजिटलचा खर्च आणि ट्यूनिंगची कटकट सार्थकी लागते ती इंजिनात मोठे बदल केले असतील तर, किंवा गाडी सीएनजीवर असेल तर. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्याला जास्त अॅडव्हान्स लागतो. वजनं दोन्ही इंधनांसाठी एकच तडजोड करतात. चिप दोन वेगळे तक्ते ठेवू शकते. अर्थात ती सोय किटमध्ये आहे ना, हे विचारून घ्या.

बसवण्याआधी कॉइलचा रेझिस्टन्स मोजून घ्या. किटला चालणाऱ्यापेक्षा तो कमी असेल तर मॉड्यूल जळतं. तांब्याच्या तारेच्या साध्या प्लग वायर आणि बिनरेझिस्टरचे प्लग असतील तर त्यांच्या विद्युत गोंगाटाने चिप गोंधळते, तेही बदला. इंजिनाची अर्थिंग घासून स्वच्छ करा. काम झालं की टायमिंग लाइट लावून दाखवायला सांगा, ‘आवाजावरून सेट केलंय’ हे उत्तर घेऊ नका.

इंजेक्शनवाल्या नव्या पेट्रोल गाड्यांत हा प्रश्नच उरत नाही, सगळं ईसीयू पाहतो. गाडी मिसिंग मारत असेल तर प्लग आणि कॉइल तपासा, बाहेरचं किट लावू नका.

आणि काढलेले पॉइंट-कंडेन्सर भंगारात देऊ नका. जळालेलं मॉड्यूल रस्त्यात दुरुस्त होत नाही; पॉइंट मात्र पॉलिश पेपर आणि फिलर गेजवर मोशीच्या चौकातही चालू होतात. डिकीत स्टेपनीशेजारी ठेवून द्या.