जामिनाची सही आणि वाढलेला रक्तदाब

आठ वर्षे एकाच गोळीवर ज्यांचा रक्तदाब स्थिर होता, असे एक निवृत्त शिक्षक एका पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात आले. वय ७१. त्या दिवशी यंत्राने १७६/१०० दाखवला. दहा मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा फरक नव्हता. गोळी चुकली का, लोणचे-पापड वाढले का, गुडघ्यांसाठी वेदनाशामक घेतले का, हे नेहमीचे प्रश्न झाले. सर्वांचे उत्तर नकारार्थी. झोपेविषयी विचारताच मात्र त्यांनी मान खाली घातली. शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "डॉक्टर, हे रात्री दोनला उठतात आणि कपाटातले घराचे कागद काढून बसतात."

मग हकिकत उलगडली. मुलगा आणि सून यांना फ्लॅट घ्यायचा होता. दोघेही नोकरी करणारे, पण त्यांचा संयुक्त कर्जअर्ज बँकेने नाकारला होता. २०२० च्या टाळेबंदीत मुलाचा पगार थांबला, वैयक्तिक कर्जाचे हप्ते थकले आणि अखेर कमी रकमेत तडजोड करून त्याने ते प्रकरण मिटवले. सुनेने आपल्या वडिलांच्या शस्त्रक्रियेचे बिल क्रेडिट कार्डावर भरले होते. ते फेडताना तिचेही हप्ते चुकले. दोघांनी ही गोष्ट एकमेकांपासून लपवली होती. ती उघड झाली बँकेच्या टेबलावर, परक्या माणसासमोर. त्यानंतर एका मध्यस्थाने तोडगा सुचवला, की वडिलांना जामीन ठेवा आणि त्यांचे राहते घर तारण द्या.

"नाही म्हणावे तर मुलगा दुखावतो," काका म्हणाले, "आणि हो म्हणावे तर माझ्यामागे हिचे काय?"

मी औषध वाढवले, पण हे दुखणे केवळ गोळीने बरे होणारे नव्हते. वाचकहो, असा प्रसंग आपल्याही घरात येऊ शकतो. मी अर्थतज्ज्ञ नाही; पण त्या कुटुंबाबरोबर जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी तपासणी, मग उपचार

रक्ताचा अहवाल पाहिल्याशिवाय आपण उपचार ठरवत नाही. कर्जाचेही तसेच आहे. प्रत्येक कर्जदाराचा एक पतअहवाल असतो. व्यवहारात आपण त्याला नुसते 'सिबिल' म्हणतो. वास्तविक आपल्या देशात असे अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि सिबिल ही त्यांपैकी एक. सिबिलचे गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात; साधारणपणे साडेसातशेच्या वरचे चांगले मानले जातात. लग्न झाले म्हणून नवरा-बायकोचे अहवाल एक होत नाहीत. मात्र संयुक्त अर्ज केला, की बँक दोघांचेही पाहते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः मागवल्याने गुण घटत नाहीत. उलट, थोड्या दिवसांत अनेक बँकांकडे अर्ज करत राहिल्यास त्या चौकश्यांची नोंद होऊन गुण घटू शकतात. म्हणून नकार मिळताच दुसऱ्या बँकेचा उंबरठा गाठू नये. आधी दोघांनी आपापले अहवाल मागवून, ते एकमेकांसमोर ठेवून वाचावेत.

वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. फेडलेले कर्ज अजून थकीत दिसते का? न घेतलेले कर्ज आपल्या नावावर आहे का? तडजोडीने मिटवलेले कर्ज 'सेटल्ड' असे दिसते का? पहिल्या दोन चुका असतील, तर तक्रार करावी. ती ३० दिवसांत निकाली काढणे बंधनकारक आहे. त्याहून उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. तिसरी गोष्ट चूक नव्हे. तडजोड म्हणजे पूर्ण फेड नाही, असाच अर्थ नवी बँक त्यातून काढते. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि नोंद बदलून 'क्लोज्ड' करून घ्यावी.

पैसे घेऊन सिबिल सुधारून देतो, असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. खरी नोंद कोणी पुसून देऊ शकत नाही. हप्ते आणि कार्डाची बिले वेळेवर भरत राहणे हाच उपचार, आणि त्याला महिने लागतात.

सही करण्यापूर्वी

जामीन राहणे म्हणजे केवळ शब्द टाकणे, असा समज आपल्या पिढीत आजही आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मुलाने हप्ता चुकवला, तर बँक थेट आपल्याकडे येऊ शकते. घर तारण असेल, तर धोका आणखी मोठा. हप्ते ९० दिवसांहून अधिक थकले, की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावताही, बँक तारण घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते.

म्हणून सही करण्याआधी स्वतःला विचारावे: माझ्या निवृत्तिवेतनातून हे हप्ते भरावे लागले, तर औषधांना पैसे उरतील का? माझ्या पश्चात पत्नी कुठे राहील? या प्रश्नांचे उत्तर 'नाही' किंवा 'ठाऊक नाही' असे असेल, तर सही करू नये. 'नाही' म्हणण्याने माया कमी होत नाही. ते शांतपणे, दिवसाउजेडी, मुलगा आणि सून दोघेही समोर असताना सांगावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

घरातील ज्येष्ठ व्यक्ती अचानक अबोल झाली, रात्री जागू लागली किंवा औषधाची पट्टी नेहमीपेक्षा जास्त दिवस पुरू लागली, तर पैशांची चिंता आहे का, हे हळुवारपणे विचारा. हप्त्यासाठी गोळ्या अर्ध्या करून घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. झोपेची गोळी परस्पर आणून देऊ नका. या वयात तिच्यामुळे तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. घरी रक्तदाब मोजताना आधी पाच मिनिटे शांत बसवा आणि आकडे लिहून ठेवा. छातीत दुखणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसले, तर मात्र लगेच रुग्णालय गाठा.

आजारपणाचे बिल हेही कर्ज थकण्याचे एक मोठे कारण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे. ते कुटुंबातील अशा सर्व ज्येष्ठांना मिळून असते. आपल्या घरात कोणी पात्र असेल, तर 'आयुष्मान वय वंदना' कार्ड आजारपण येण्यापूर्वीच काढून ठेवा.

काकांनी सही केली नाही. मुलगा महिनाभर नीट बोलला नाही. पण सुनेने पुढाकार घेऊन दोघांचे अहवाल मागवले. फिटलेले एक कर्ज तिच्या नावावर थकीत दिसत होते. ते दुरुस्त झाले. मुलाने तडजोडीतील उरलेली रक्कम बोनसमधून भरली. सव्वा वर्षाने त्यांना कर्ज मिळाले. हव्या होत्या त्याहून कमी रकमेचे आणि थोड्या जास्त व्याजाचे. तीन खोल्यांऐवजी दोन खोल्यांचे घर झाले, पण त्याच्या कागदांवर सह्या त्या दोघांच्याच आहेत.

काकांचा रक्तदाब आता १३६/८४ असतो. वाढवलेले औषध मी अजून कमी केलेले नाही. घराचे कागद मात्र, काकू सांगतात, आता रात्रभर कपाटातच असतात.