टाकलेल्या बाईला मान

श्रद्धा प्रार्थनेत दिसते, तशी रोजच्या वागण्यातही दिसते का? आज पंडिता रमाबाईंच्या उदाहरणातून पाहू.

१८८३ साली रमाबाई शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींचा एक आश्रम होता. 'वाईट चालीच्या' म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना त्या मायेने सांभाळत. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा एका भगिनीने बायबलमधली गोष्ट सांगितली. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी संबंध ठेवत नसत. पण येशूने विहिरीवर एका शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं आणि तिच्याशी मानाने बोलला. रमाबाईंच्या मनावर याचा खोल ठसा उमटला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभारलं. विधवा, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली, अंध बायका तिथे आल्या. टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं. नुसतं जेवण दिलं नाही, तर विणकाम, शेती, छपाई शिकवली. रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं, तेव्हा त्याचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले.

म्हणजे दया दाखवून थांबायचं नाही. हाताला काम आणि कामाला मान द्यायचा. धर्म कोणताही असो, माणसाची पारख इथेच होते.

गटात नवे सभासद घ्याल, तेव्हा गावात जिला कुणी बोलावत नाही तिच्या घरी जा. हप्ता जमेल का, हे तिलाच विचारा. तिच्या वतीने आपणच 'नाही' म्हणू नका.