जनरेटर दुरुस्त, पण किल्ल्यांचं काय?

रँडमला ‘यादृच्छिक’ म्हणतात हे मला कॉन्व्हेंटवालीला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं! संगणकाच्या गुप्त किल्ल्या अशाच आकड्यांतून बनतात.

२००६ साली डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएलमध्ये, मेमरी तपासणाऱ्या टूलची वॉर्निंग घालवण्यासाठी कोडच्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. जनरेटरला मिळणारी अनिश्चितता त्यांतूनच येत होती. उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२,७६७ शक्यता! सगळ्या आधीच बनवून एकेक लावून बघा, कुलूप उघडलंच.

मे २००८ मध्ये ही चूक उघड झाली आणि जनरेटर दुरुस्त झाला. पण मधल्या काळात बनलेल्या किल्ल्या कच्च्याच राहिल्या. त्या फेकून नव्या बनवाव्या लागल्या. म्हणून मला वाटतं, जनरेटर बदलणं हे अर्धंच काम. त्याने बनवलेली प्रत्येक किल्ली शोधून बदलणं, हे उरलेलं अर्धं.