वऱ्हाडातील स्थापत्य व पर्यावरण अभियांत्रिकी शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एखाद्या विद्याशाखेचा इतिहास बहुधा तिच्या स्थापनेचे वर्ष, प्रवेशसंख्या आणि प्राचार्यांची नामावली यांपुरता मर्यादित राहतो. महाविद्यालयांच्या स्मरणिकांतून असा इतिहास वारंवार वाचावयास मिळतो. तथापि, ती शाखा त्या प्रदेशात का निर्माण झाली, तिच्यासमोर कोणते प्रश्न होते आणि त्या प्रश्नांशी तिचे नाते कसे राहिले, याचा विचार त्यात क्वचितच आढळतो. स्थापत्य अभियांत्रिकी ही तर जमीन आणि पाणी यांच्याशी थेट निगडित असलेली शाखा होय. त्यामुळे तिचा इतिहास प्रदेशाच्या भूगोलापासून वेगळा काढता येत नाही. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला परिसरातील स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकी शिक्षणाच्या वाटचालीचा या दृष्टीने आढावा घेण्यात आला आहे.

पूर्वपीठिका

भारतातील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभ शासनाच्या बांधकामविषयक गरजेतून झाला. १८४७ मध्ये रुडकी येथे गंगा कालव्याच्या कामाच्या पार्श्वभूमीवर अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. १८५४ मध्ये पुणे येथे इमारती, धरणे, कालवे, लोहमार्ग व पूल यांच्या कामासाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याच्या हेतूने अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयात रूपांतर झाले. योगायोग असा की, याच १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीची साथ एका दूषित सार्वजनिक पंपाशी निगडित असल्याचे दाखवून दिले. एकीकडे बांधकामाचे शास्त्र आणि दुसरीकडे शुद्ध पाण्याचे शास्त्र, असे हे दोन प्रवाह होते. जलवाहिन्या, गाळणकेंद्रे व भुयारी गटारे बांधण्याचे काम स्थापत्य अभियंत्याकडेच असल्याने हे प्रवाह पुढे एकाच विभागात येऊन मिळाले.

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताशी जोडला गेला. कापसाच्या व्यापारामुळे येथे लोहमार्ग, जिनिंग कारखाने व बाजारपेठा लवकर आल्या. परंतु अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण आले नाही. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले. मात्र मध्य प्रांत व वऱ्हाडातील पदवी स्तरावरील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते १९४७ मध्ये, जबलपूर येथे.

राज्यपुनर्रचना आणि अमरावतीचे महाविद्यालय

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले व जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. या घटनेचा शैक्षणिक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. ज्या प्रांताचा विदर्भ हा भाग होता, त्या प्रांताचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय राज्याच्या सीमेपलीकडे गेले. अमरावतीस १९५५ पासून शासकीय तंत्रनिकेतन होते. परंतु ते पदविका स्तरावरील होते. ही उणीव प्रथम १९६० मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने आणि त्यानंतर १९६४ मध्ये अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने काही प्रमाणात भरून काढली.

अमरावतीचे हे महाविद्यालय आरंभी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होते. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठाची स्थापना झाल्यावर ते त्या विद्यापीठाच्या कक्षेत आले आणि पुढे २००५ मध्ये त्यास स्वायत्तता मिळाली. १९८३ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरते. राज्य शासनाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारल्यानंतर बडनेरा, शेगाव, पुसद व अकोला येथे खाजगी संस्थांची महाविद्यालये उभी राहिली. दोन दशके एकाच शासकीय महाविद्यालयावर अवलंबून असलेल्या वऱ्हाडात अभियांत्रिकी शिक्षणाचा विस्तार झाला. मात्र विस्तारासोबत प्रादेशिक प्रश्नांचा अभ्यासही त्याच गतीने वाढला का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

‘सार्वजनिक आरोग्य’ ते ‘पर्यावरण’

आज ज्यास पर्यावरण अभियांत्रिकी म्हटले जाते, तो विषय पूर्वी सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी या नावाने शिकविला जात असे. पाणीपुरवठा व मलनिस्सारण हे त्याचे दोन आधारस्तंभ होते. हा नामबदल समजून घेण्यासाठी नागपूरचे उदाहरण पुरेसे आहे. तेथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे नाव १९७४ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) असे झाले. त्याच वर्षी संसदेने जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम संमत केला. महाराष्ट्राने १९६९ मध्येच असा कायदा करून १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले होते. पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. परिणामी, केवळ रोगजंतू हा विषय न राहता रासायनिक प्रदूषण, हवा, घनकचरा व भूजल यांचाही समावेश अभ्यासक्रमात झाला. अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयात स्थापत्य विभागांतर्गत पर्यावरण अभियांत्रिकी आणि भूतंत्र अभियांत्रिकी हे पदव्युत्तर अभ्यासक्रम विकसित झाले, ही बाब या संदर्भात अर्थपूर्ण आहे. कारण वऱ्हाडाचे दोन मूलभूत प्रश्न नेमके याच दोन विषयांत येतात.

वऱ्हाडाचे दोन प्रश्न : काळी माती आणि खारपाणपट्टा

पहिला प्रश्न पायाचा. बेसॉल्ट खडकाच्या विदारणातून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज विपुल असते. पाणी शोषल्यावर ते फुगते व वाळल्यावर आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात वऱ्हाडातील शेतांना खोल भेगा पडतात आणि त्याच कारणाने घरांच्या भिंतींनाही तडे जातात. कापसाला पोषक असणारी माती इमारतीस मात्र मारक ठरते. ऋतूनुसार ओलावा बदलणाऱ्या थराच्या खाली, जेथे ओल स्थिर असते तेथे, पाया नेणे हा त्यावरील उपाय होय. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेला, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेला खांबी पाया याच तत्त्वावर आधारलेला आहे. कंदामुळे खांब खालच्या स्थिर थरात घट्ट रुतून राहतो व वरच्या मातीच्या हालचालीने उचलला जात नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. उत्तरेस गाविलगड व दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामधील पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाचे खोल थर आहेत. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे. मातीतील सोडियममुळे चिकणकण विलग होतात, छिद्रे बुजतात आणि पाण्याचा निचरा मंदावतो. विहीर खोदली तरी गोड पाणी लागेलच असे नाही. येथे अभ्यासक्रमातील एक नेहमीची पद्धत अपुरी पडते. तुरटी, वाळूची गाळणी व क्लोरीन यांनी गढूळपणा व रोगजंतू दूर होतात. विरघळलेले क्षार मात्र जात नाहीत. क्षार काढावयाचे तर व्युत्क्रमी परासरणाचा अवलंब करावा लागतो आणि त्यातून उरणाऱ्या अतिक्षारयुक्त पाण्याची विल्हेवाट हा नवा प्रश्न उभा राहतो.

म्हणूनच दुरून गोडे पाणी आणण्याचा मार्ग स्वीकारला गेला. वान प्रकल्पावरील ८४ खेडी योजना आणि काटेपूर्णा प्रकल्पावरील खांबोरा ६४ खेडी योजना ही त्याची परिचित उदाहरणे होत. अशा योजनांत लांब जलवाहिन्या, गळती, वीजखर्च व शेवटच्या गावापर्यंतचा दाब हे प्रश्न निर्णायक ठरतात. धरणातील साठा घटला की शहर, शेती व खेडी यांच्या गरजा परस्परांसमोर उभ्या ठाकतात. दुसरीकडे, मातीतून झिरपा कमी असल्याने या पट्ट्यात शेततळ्यात पावसाचे पाणी टिकते. म्हणजे जो दोष तोच साठवणुकीस उपकारक ठरतो. १९६९ मध्ये अकोला येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठातील मृद व जलसंधारणाचे संशोधन येथे उपयुक्त आहे. २०१८ पासून राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या गावांचा समावेश करण्यात आला. स्थापत्य, पर्यावरण व कृषी अभियांत्रिकी यांनी एकत्र येण्याची गरज यावरून स्पष्ट होते.

संत गाडगेबाबांचे नाव

२००५ मध्ये अमरावती विद्यापीठास संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनातून स्वच्छतेचा उपदेश केला. पर्यावरण अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यात एक महत्त्वाचे सूत्र आहे. गटार वा शौचालय बांधून झाले म्हणजे स्वच्छता साध्य होत नाही. ती लोकांच्या सवयीचा भाग व्हावी लागते. योजना पूर्ण होतात आणि देखभालीअभावी बंद पडतात, या अनुभवाचे मूळ बहुधा रचनेइतकेच लोकसहभागाच्या अभावात असते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वऱ्हाडातील स्थापत्य अभियांत्रिकी शिक्षणाची वाटचाल राज्यपुनर्रचना, शासनाचे शैक्षणिक धोरण आणि कायद्यांतील बदल यांनी घडविली. त्याची खरी कसोटी मात्र काळी माती व खारे पाणी यांच्यावरच लागते. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील माती व पाणी तपासणीच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल हे या प्रदेशाचे मोलाचे दस्तऐवज होत. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदी एकत्र लावल्यास कोणत्या गावाचे पाणी कसे बदलत गेले हे कळू शकते. त्या रद्दीत गेल्यास ते ज्ञान पुन्हा मिळविता येत नाही. त्यांचे जतन व संकलन हे ग्रंथपाल, इतिहास, भूगोल व अभियांत्रिकी या सर्व विभागांचे सामायिक कार्य ठरावे. विभागाचा इतिहास लिहावयाचा तर त्याची सामग्री कार्यालयातील नस्तींइतकीच या नोंदींतही शोधावी लागेल.