रंगमंच, पडदा आणि छोटा पडदा : मॅगी स्मिथ यांची पुरस्कारांची कारकीर्द

ब्रिटिश अभिनेत्री मॅगी स्मिथ यांनी चित्रपटांसाठी दोन ऑस्कर, दूरचित्रवाणीसाठी चार एमी आणि रंगभूमीसाठी एक टोनी पुरस्कार मिळवला. अमेरिकेत हे तिन्ही पुरस्कार आपापल्या माध्यमात सर्वोच्च मानले जातात. अभिनयासाठी ते तिन्ही मिळवणाऱ्या मोजक्या कलावंतांच्या कामगिरीला तिकडे ‘तिहेरी मुकुट’ म्हणतात. स्मिथ यांचा जन्म १९३४ चा, निधन २०२४ मधले. रंगभूमीवरचा त्यांचा पहिला मोठा पुरस्कार १९६२ चा आणि शेवटचा २०१९ चा.

पाया रंगभूमीचा होता. १९६२ मध्ये पीटर शाफर यांच्या ‘द प्रायव्हेट इअर’ आणि ‘द पब्लिक आय’ या जोडनाटकांसाठी त्यांना लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या वृत्तपत्राचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नॅशनल थिएटरमध्ये त्यांनी ‘ऑथेल्लो’मधील डेस्डिमोना साकारली. हेच नाटक १९६५ मध्ये पडद्यावर आले आणि स्मिथ यांना ऑस्करचे पहिले नामांकन मिळाले. ऑलिव्हिए, फ्रँक फिनले आणि जॉइस रेडमन या सहकलाकारांनाही नामांकन होते. एका नाटकाच्या चित्रीकरणातले चार कलावंत एकाच वर्षी ऑस्करच्या स्पर्धेत उतरणे, ही त्या नाट्यसंस्थेच्या ताकदीची मोठी पावती होती.

पहिले ऑस्कर ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’ या १९६९ च्या चित्रपटासाठी मिळाले. म्युरिअल स्पार्क यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट एडिंबरामधल्या एका शिक्षिकेभोवती फिरतो. ही शिक्षिका मोहक आहे, विद्यार्थिनींना भारून टाकणारी आहे आणि तितकीच घातकही. चित्रपटाआधी ही कथा नाटक म्हणून गाजली होती आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर याच भूमिकेसाठी झोई कॉल्डवेल यांना टोनी मिळाला होता. स्मिथ यांनी ऑस्करबरोबर ब्रिटनचा बाफ्टाही जिंकला. दुसरे ऑस्कर ‘कॅलिफोर्निया स्वीट’ या १९७८ च्या चित्रपटासाठी, सहायक अभिनेत्री या गटात आले. नील सायमन यांनी लिहिलेल्या या चित्रपटात त्या ऑस्कर समारंभासाठी हॉलिवूडला आलेल्या आणि पुरस्कार हुकलेल्या एका ब्रिटिश अभिनेत्रीच्या भूमिकेत होत्या. ऑस्कर हरलेल्या व्यक्तीची भूमिका करून ऑस्कर जिंकण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

ऑस्करसाठी त्यांना एकूण सहा नामांकने होती. उरलेली तीन ‘ट्रॅव्हल्स विथ माय आंट’, ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘गॉस्फर्ड पार्क’ यांसाठीची. यांतल्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’चा भारताशी थेट संबंध आहे. त्याचे निर्माते इस्माइल मर्चंट मूळचे मुंबईचे, तर पटकथा लिहिणाऱ्या रूथ प्रावर झाबवाला यांनी दिल्लीत दीर्घकाळ वास्तव्य केले होते. तरुण ल्यूसीबरोबर फ्लोरेन्सला आलेल्या संकोची शार्लट बार्टलेटच्या या भूमिकेला बाफ्टाने मुख्य अभिनेत्रीच्या गटात पुरस्कार दिला. ऑस्कर आणि गोल्डन ग्लोबसाठी मात्र ती सहायक भूमिका ठरली. ऑस्कर हुकले, गोल्डन ग्लोब मिळाला. ‘कॅलिफोर्निया स्वीट’च्या वेळीही गटांचा असाच फरक पडला होता. ऑस्करने जिला सहायक मानले, त्याच भूमिकेला गोल्डन ग्लोबने विनोदी चित्रपटातील मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. भूमिका मुख्य की सहायक, हे प्रत्येक संस्था आपापल्या नियमांनी आणि मतदारांच्या नजरेने ठरवते. म्हणून पुरस्कारांचे आकडे वाचताना गटही पाहावा लागतो.

मायदेशी बाफ्टाने त्यांना भरभरून दाद दिली. ‘जीन ब्रॉडी’ आणि ‘अ रूम विथ अ व्ह्यू’शिवाय ‘अ प्रायव्हेट फंक्शन’ आणि ‘द लोनली पॅशन ऑफ ज्युडिथ हर्न’ यांसाठीही त्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. ‘टी विथ मुसोलिनी’साठी सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये बाफ्टाने त्यांना फेलोशिप हा आपला सर्वोच्च सन्मान दिला.

टोनीसाठी त्यांना बराच काळ थांबावे लागले. नोएल कॉवर्ड यांच्या ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’साठी १९७५ मध्ये आणि टॉम स्टॉपर्ड यांच्या ‘नाइट अँड डे’साठी १९८० मध्ये त्यांना नामांकन होते. पुरस्कार आला तो १९९० मध्ये, ‘लेटिस अँड लव्हेज’ या नाटकासाठी. एका जुन्या वाड्याचा नीरस इतिहास पर्यटकांना रंगवून, पदरची भर घालून सांगणाऱ्या मार्गदर्शक बाईंची ही भूमिका शाफर यांनी खास त्यांच्यासाठीच लिहिली होती. सहकलाकार मार्गारेट टायझॅक यांनाही त्याच नाटकासाठी टोनी मिळाला.

लंडनच्या रंगभूमीवर दोन पुरस्कारांचे चित्र अगदी वेगळे दिसते. ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांनी सहा वेळा जिंकला. इंगमार बर्गमन यांनी दिग्दर्शित केलेले ‘हेड्डा गाब्लर’, व्हर्जिनिया वुल्फ यांच्यावरचे ‘व्हर्जिनिया’, काँग्रीव्ह यांचे ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ आणि एडवर्ड अल्बी यांचे ‘थ्री टॉल विमेन’ ही त्यातली नाटके. सहावा पुरस्कार २०१९ मध्ये ‘अ जर्मन लाइफ’साठी मिळाला. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या कार्यालयात काम केलेल्या ब्रुनहिल्डे पॉमसेल यांच्या आठवणींचा हा एकपात्री प्रयोग स्मिथ यांनी वयाच्या ८४ व्या वर्षी एकटीने पेलला. याउलट ऑलिव्हिए पुरस्कारांत अनेक नामांकने मिळूनही त्यांना स्पर्धेतला पुरस्कार कधीच मिळाला नाही. २०१० मध्ये त्यांना विशेष पुरस्कार देण्यात आला.

दूरचित्रवाणीवरचा पहिला एमी २००३ मध्ये ‘माय हाउस इन अम्ब्रिया’ या दूरचित्रपटासाठी मिळाला आणि तिहेरी मुकुट पूर्ण झाला. पुढचे तिन्ही ‘डाउनटन ॲबी’तील धारदार जिभेच्या सरदारमातेसाठी, २०११, २०१२ आणि २०१६ मध्ये मिळाले. २०११ मध्ये ही मालिका लघुमालिकांच्या गटात होती, पुढे ती नाट्यमालिकांच्या गटात गेली. त्यामुळे एकाच भूमिकेला दोन वेगळ्या गटांत पुरस्कार मिळाले. याच भूमिकेसाठी २०१३ मध्ये गोल्डन ग्लोब आणि २०१४ मध्ये अमेरिकी अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कारही आला. मालिकेचे लेखक ज्युलियन फेलोज यांनीच ‘गॉस्फर्ड पार्क’ लिहिला होता.

ब्रिटनच्या राजसन्मानांत त्यांना १९७० मध्ये सीबीई, १९९० मध्ये ‘डेम’ हा किताब आणि २०१४ मध्ये ‘कम्पॅनियन ऑफ ऑनर’ हा बहुमान मिळाला. ही सारी यादी एका गोष्टीची ग्वाही देते. शब्दांची फेक, नेमकी उसंत आणि विनोदाची वेळ हे त्यांनी रंगमंचावर कमावलेले धन होते, आणि तीन माध्यमांतल्या परीक्षकांनी साठेक वर्षे दाद दिली ती त्यालाच.